न उजळलेली चांदी

माझं पहिलं जुनं अमेरिकन नाणं मी घेतलं ते चकचकीत होतं म्हणून. १८३४ सालचा अर्धा डॉलर. शोकेसमधल्या करड्या-काळपट नाण्यांच्या रांगेत हे एकटंच पांढरंशुभ्र. विक्रेत्यानं १६५ डॉलर सांगितले, मी थोडी घासाघीस केली, दीडशेला सौदा झाला. गाडीत बसल्यावर दोनदा खिशातून काढून बघितलं. दोनशे वर्षांच्या घरात गेलेली चांदी, आणि काल टांकसाळीतून निघाल्यासारखी! मग इतरांपेक्षा स्वस्त का, हा प्रश्न मला पडायला हवा होता. पडला नाही.

आमच्या घरी चांदी ही घासायचीच वस्तू. साताऱ्याच्या घरात दिवाळी जवळ आली की आई देव्हाऱ्याच्या कपाटातली सगळी चांदी बाहेर काढायची. निरांजन, अत्तरदाणी, फुलपात्र आणि लक्ष्मीपूजनाचे पंचम जॉर्जचे सात रुपये. भांड्यांना दंतमंजन, नाण्यांना रिठ्याचं पाणी. फारच काळं पडलेलं काही असलं तर ते सोनाराकडे उजळायला जायचं. ‘उजळणे’ या शब्दात काही बिघडल्याचा वास तरी येतो का? वर्षानुवर्षं घासून त्या रुपयांवरच्या राजाची दाढी सपाट झाली होती, आणि ते सात रुपये ताटात मांडले की घरात सगळ्यांनाच छान वाटायचं. अशा घरातून न्यू जर्सीत आलेला माणूस पांढरं नाणं सोडून काळं उचलेल कशाला?

प्रमाणपत्र असावं म्हणून मी ते प्रतवारी करणाऱ्या एका कंपनीकडे पाठवलं. अमेरिकेत १९८६-८७ पासून हा मोठा व्यवसाय आहे. नाणं पाठवायचं; तिथले लोक ते खरं आहे का बघतात, प्रत ठरवतात आणि प्लास्टिकच्या सीलबंद डबीत घालून परत पाठवतात. त्या डबीला सगळे ‘स्लॅब’ म्हणतात. प्रत १ ते ७० या मापावर असते. ४० आणि ४५ म्हणजे एक्सएफ, थोडं झिजलेलं; ५० ते ५८ एयू, जेमतेम झिजलेलं; आणि ६० पासून पुढे एमएस, म्हणजे चलनात न फिरलेलं. हे माप विल्यम शेल्डन यांनी १९४९ साली मांडलं तेव्हा ते फक्त तांब्याच्या जुन्या मोठ्या सेंटसाठी होतं, पुढे ते सगळ्यांनाच लागू झालं. पाच आठवड्यांनी माझी डबी आली. त्यावर आकडाच नव्हता. लिहिलं होतं, ‘एक्सएफ डीटेल्स, क्लीन्ड’. म्हणजे झीज बघितली तर एक्सएफ, पण नाणं साफ केलेलं, सबब आकडा नाही. दहावीच्या निकालात टक्क्यांच्या जागी ‘राखून ठेवला’ यावं तसं.

मी रागावलो. कंपनीवर, विक्रेत्यावर, सगळ्यांवर. नाणं साफ केलं तर गुन्हा काय झाला?

आमच्या गावात नाणी जमवणाऱ्यांची महिन्यातून एकदा वाचनालयात बैठक भरते. तिथे एक म्हातारबुवा येतात. आयुष्यभर कारखान्यात डाय, म्हणजे ठसा उठवणारे साचे, बनवण्याचं काम केलेले, त्यामुळे धातूवर ठसा कसा उठतो हे त्यांना पुस्तकातून शिकावं लागलेलं नाही. त्यांच्यापुढे मी डबी ठेवली आणि तक्रार मांडली. ते काही बोलले नाहीत. उठून त्यांनी खोलीतल्या ट्यूबलाइट बंद केल्या आणि पिशवीतून टेबलावरचा एक दिवा काढला. आत जुन्या पद्धतीचा पिवळा तारेचा बल्ब. हे बल्ब आता इथल्या दुकानांत मिळत नाहीत, त्यांनी खोकंभर साठवून ठेवलेत.

“चित्र नंतर बघ,” ते म्हणाले. “आधी धातू बघ.”

त्यांनी आधी स्वतःचं एक नाणं हातात दिलं. कडेनं धरायचं, चिमटीत. दिव्याखाली वीतभर अंतरावर, आणि मग हळूहळू कलतं करत फिरवायचं. करड्या रंगाचं, कडेला किंचित सोनेरी झाक असलेलं नाणं. पहिल्यांदा मला त्यात काही दिसलं नाही. मग कोन बदलला आणि त्या करड्या रंगाच्या खालून उजेडाचा एक पट्टा उठला आणि नाणं फिरेल तसा मध्याभोवती फिरू लागला. जत्रेतलं कागदी भिरभिरं वाऱ्यावर फिरावं तसा. इथले लोक त्याला कार्टव्हील म्हणतात. ठसा पडताना चांदी मधून कडेकडे सरकते. त्या सरकण्याच्या नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक रेघा नाण्यावर राहतात आणि उजेड त्यांच्यावर खेळतो. टांकसाळीची झळाळी म्हणतात ती हीच. नाणं हातोहाती फिरलं की ती उंच भागांवरून आधी जाते: गाल, टोपीचा माथा, कपाळावरची बट, गरुडाच्या पंखाची वरची कड. शेवटपर्यंत टिकते ती ताऱ्यांच्या मधल्या बेचक्यांत आणि अक्षरांच्या आडोशाला.

मग माझं नाणं. फिरवलं तर पट्टा नाहीच. उजेड सगळीकडे सारखा पडून राहिला, स्टीलच्या ताटावर पडतो तसा. “अजून थोडं कलतं कर,” ते म्हणाले. केलं. आणि एका कोनात लिबर्टीच्या, म्हणजे नाण्यावरच्या स्वातंत्र्याचं प्रतीक असलेल्या बाईच्या, गालापासून थेट डावीकडच्या ताऱ्यांपर्यंत शेकडो बारीक ओरखडे एकदम चमकले, सगळे एकाच दिशेनं, एकमेकांना समांतर. त्यांनी भिंग पुढे केलं. पाचपट मोठं दाखवणारं साधं भिंग, त्याहून मोठ्याची प्रत ठरवायला गरज नसते. ताऱ्यांच्या टोकांच्या खाचांत काळा मळ तसाच अडकलेला होता.

“कापडानं पुसलंय, काहीतरी पावडर लावून. खाचेत कापड पोचलं नाही. त्या खाचेतलं नाणं अजून जिवंत आहे, बघ.”

दंतमंजन, माझ्या मनात आलं. मी ते बोललो नाही.

साफ करण्याचा दुसरा प्रकार त्यांनी त्याच संध्याकाळी सांगितला, तो जास्त फसवा. नाणं ॲसिडच्या द्रावणात बुडवायचं. ओरखडा एकही पडत नाही, काळेपणा निघून जातो. पण काळेपणा म्हणजे वरून बसलेली धूळ नव्हे, तो चांदीचाच गंधकाशी संयोग झालेला थर. तो उतरवताना चांदीही उतरते, आणि आधी जातात त्या याच बारीक रेघा. एकदा हलक्या हातानं बुडवलेलं नाणं अजून झळकतं, पुष्कळ जणांना चालतं. तीनचारदा बुडवलेलं खडूसारखं पांढरं आणि निर्जीव होतं.

त्या रात्री घरी जाऊन मी ठरवलं की हाच एक प्रकार जमवायचा: टोपीवाल्या लिबर्टीचा अर्धा डॉलर, १८०७ ते १८३६. कारण अगदी व्यवहारी होतं. १७९४-९५ चे मोकळ्या केसांचे डॉलर माझ्या खिशाच्या आवाक्याबाहेरचे. हे मात्र भरपूर उरले आहेत, आणि चांगल्या अवस्थेत उरले आहेत. १८०४ नंतर चांदीचा डॉलर पाडणं बंद झालं ते १८३६ पर्यंत, त्यामुळे अर्धा डॉलर हेच देशातलं चांदीचं सर्वांत मोठं नाणं राहिलं. बँका त्यांच्या थैल्या भरून तिजोरीत ठेवत आणि थैलीच्या थैली या बँकेतून त्या बँकेत जाई. बाजारहाटात झिजण्याऐवजी ही नाणी एकमेकांवर घासून झिजली. १८२७ या एका वर्षात ५४ लाखांहून जास्त पाडली गेली.

नाण्याचं चित्र जॉन राइख या जर्मनीहून आलेल्या कारागिराचं. फिलाडेल्फियाची पहिली टांकसाळ सातव्या रस्त्यावर होती आणि १८३३ मध्ये ती नव्या जागी गेली. मी एकदा मुद्दाम त्या रस्त्यावर जाऊन उभा राहिलो. बघण्यासारखं काही उरलेलं नाही, पार्किंगचे मात्र २२ डॉलर गेले.

तर आता शिकायला सुरुवात. आणि इथे पहिली गोची ही की या नाण्यांना आजच्या नाण्यांचे निकष लागू होत नाहीत. माणसं ताकद लावून दांडा फिरवत आणि स्क्रूच्या दाबाखाली एका झटक्यात ठसा पडे. वाफेवर चालणारं यंत्र फिलाडेल्फियात आलं मार्च १८३६ मध्ये. तोपर्यंत प्रत्येक नाणं थोडंफार हातचं. डाय हातानं पूर्ण केलेल्या, म्हणून तारे आणि आकडे प्रत्येक डायवर जरा वेगळे. ओव्हर्टन नावाच्या अभ्यासकानं समोरच्या आणि मागच्या डायच्या जोड्या वेगळ्या काढून त्यांना क्रमांक दिले. एकट्या १८२७ च्या चाळीसहून अधिक आहेत. काही जण या क्रमांकांतच आयुष्य घालवतात. मी त्या विहिरीत फक्त डोकावलो आहे.

म्हातारबुवांनी मला १८१२ सालचं एक नाणं चारदोन दिवसांसाठी दिलं (“हरवलंस तर घर विकावं लागणार नाही, पण मी बोलणं सोडेन”) आणि विचारलं, हे किती झिजलंय? लिबर्टीच्या खांद्यावर वस्त्र आवळणारी जी चाप आहे ती पूर्ण सपाट. पाठीमागे गरुडाच्या वरच्या पट्टीवरची ‘ई प्लुरिबस युनम’ या लॅटिन ब्रीदवाक्यातली मधली अक्षरं गायब. मी म्हटलं, व्हीएफ, म्हणजे एक्सएफच्या खालची प्रत, तीसच्या आसपास. ते म्हणाले, एयू.

चार दिवस मी ते नाणं दिव्याखाली फिरवत होतो. उत्तर तिसऱ्या रात्री सापडलं. सपाट चापेवर झळाळी होती. झिजलेला भाग मंद, गुळगुळीत, करडा दिसतो. हा भाग खडबडीत होता आणि उजेड त्याच्यावरून तसाच फिरत होता जसा बाजूच्या मोकळ्या जागेवरून. म्हणजे ती चाप कुणाच्या बोटांनी गेली नव्हती, ती उठलीच नव्हती. आणि मागची अक्षरं? अमेरिकन नाण्यावर समोरची आणि मागची बाजू एकमेकींना उलट्या असतात. समोरच्या बाजूच्या तळाशी जे आहे त्याच्या बरोबर पाठीमागे दुसऱ्या बाजूचा माथा येतो. खांद्याची चाप आणि ती अक्षरांची पट्टी, दोन्ही भागांना लागणारी चांदी एकाच ठिकाणाहून यायची, आणि दाब जरा कमी पडला की दोन्हीकडे चांदी पुरत नसे. मी हे त्यांना फोनवर सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “आता बोलता येईल तुझ्याशी.” इतकं बरं मला नोकरीतल्या बढतीच्या वेळीही वाटलं नव्हतं.

त्याच नाण्यावर लिबर्टीच्या हनुवटीखाली एक पुसट वाकडी रेघ होती. मला तो ओरखडा वाटला होता. ती निघाली गरुडाच्या पंखाची रेघ. मधे नाण्याची कोरी चकती नसताना दोन डाय एकमेकींवर आदळल्या आणि एकीचं चित्र दुसरीवर उमटलं, मग पुढच्या प्रत्येक नाण्यावर ते आलं. याला कुणी दोष धरत नाही. मला तर ती रेघ त्या नाण्यातली सगळ्यात आवडती गोष्ट वाटू लागली.

मधे एक आणखी ठेच. पांढऱ्यानं हात पोळले म्हणून मी उलट्या टोकाला गेलो आणि रंगाच्या मागे लागलो. ऑनलाइन फोटोत १८३१ चा अर्धा डॉलर दिसला, मोरपंखी निळा-जांभळा. ४२० डॉलर. घरी आला तेव्हा फोटोइतका भडक नव्हता, तरी रंग होताच. बैठकीत तो फिरला आणि तिघांनी न बोलता पुढे सरकवला. मग एकीनं, बाई चांदीचे डॉलर जमवतात, मला बाजूला घेऊन समजावलं. पावसाळ्यात रस्त्यावर सांडलेल्या तेलाचे रंग दिसतात ना, तसेच हे. चांदीवर गंधकाचा थर जसा जाड होत जातो तसा रंग बदलतो, आणि त्याला क्रम असतो. आधी फिकट सोनेरी, मग तांबूस तपकिरी, मग जांभळा, मग निळा. खऱ्या नाण्यावर हे रंग याच क्रमानं एकमेकांत मिसळत जातात. गेल्या शतकातल्या पुठ्ठ्याच्या अल्बममध्ये राहिलेल्या नाण्यावर कडेकडून मध्याकडे वर्तुळं दिसतात, कारण पुठ्ठ्यातला गंधक कडेकडून लागतो. माझ्या नाण्यावर निळा रंग सरळ पांढऱ्यावर बसला होता, मधे ना सोनेरी ना तांबूस. आणि भिंगातून बघितलं तर तो निळा जुन्या ओरखड्यांच्या आतही भरलेला. म्हणजे आधी नाणं घासलं, मग कुणीतरी रंगवलं. ते मी २७० ला विकलं, रंगाबद्दल स्पष्ट सांगून. पदरचे दीडशे गेले.

दर वेळी दीडशे डॉलर फी भरून शिकणं परवडणारं नव्हतं. फुकट शाळा आहे, हे मला म्हातारबुवांनीच दाखवलं. बाल्टिमोरला वर्षातून काही वेळा मोठं नाणेप्रदर्शन भरतं आणि त्याला लागून लिलाव असतात. लिलावाआधी नाणी बघायला ठेवतात. ओळखपत्र दाखवून नाव नोंदवायचं, टेबलावर दिव्यासमोर बसायचं, आणि कर्मचारी लाल-काळ्या पेट्या आणून देतात. विकत घ्यायची सक्ती नाही. हजारो डॉलरची नाणी माझ्यासारख्याच्या हातात! पहिल्या दिवशी मी अधाशासारखी साठ नाणी बघितली आणि शेवटची वीस मला एकसारखी दिसू लागली. अत्तराच्या दुकानात पाचव्या अत्तरानंतर नाकाचं जे होतं तेच. दुसऱ्या दिवसापासून तीन नाणी, मग उठून कॉफी.

तिथे मी आयुष्यात पहिल्यांदा १७९५ चा अर्धा डॉलर हातात धरला. मोकळे केस, बारीक चेहरा, आणि त्या चेहऱ्यावरून आडव्या जाणाऱ्या जाडजाड रेघा. कुणीतरी कानशीनं घासल्यासारख्या. मी पेटी परत करणार इतक्यात म्हातारबुवा शेजारून म्हणाले, “कानशीनंच घासलंय. टांकसाळीत.” कायद्यानं अर्ध्या डॉलरचं वजन २०८ ग्रेन, म्हणजे सुमारे साडेतेरा ग्रॅम. कोरी चकती हलकी भरली तर ती वितळवायला परत. जड भरली तर कानशीनं घासून बरोबर करायची, आणि मग ठसा. १७९५ मध्ये या कामावर दोन बायका लागल्याची नोंद आहे. दिवसाची मजुरी पन्नास सेंट. दिवसभर अर्धे डॉलर तोलून-घासून संध्याकाळी एक अर्धा डॉलर घरी न्यायचा.

मग ओरखड्यात आणि या रेघेत फरक कसा करायचा? ठसा नंतर पडलेला असतो, म्हणून रेघ चित्राच्या खाली जाते, ठशानं थोडी दबलेली, टोकं बोथट, बऱ्याचदा कडेपर्यंत गेलेली. नंतर पडलेला ओरखडा चित्र कापत जातो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना चांदीची बारीक वरंबी उठते, नांगरलेल्या सरीसारखी. हे कळलं की त्या नाण्याबद्दल आदर वाटतो. तरी खरं सांगतो, माझ्याकडे पैसे असते तरी मी ते घेतलं नसतं. दोष नाही, मान्य. इतिहास आहे, मान्य. पण चेहऱ्यावरून गेलेली रेघ रोज बघवली नसती. तेवढीच रेघ पाठीमागे गरुडाच्या पंखावर असती तर गोष्ट वेगळी. इथले जाणकारही असंच वागतात, तोंडानं काही म्हणोत. चेहऱ्यावर रेघा असलेलं नाणं नेहमी कमी भावात जातं.

‘आय अपील’ म्हणतात ते हेच. आपल्याकडे नाणं डोळ्यांत भरलं म्हणतो. इतके दिवस मला वाटायचं की प्रत म्हणजे शास्त्र आणि डोळ्यांत भरणं म्हणजे ज्याची त्याची आवड. म्हातारबुवांनी माझ्याकडून सहा महिने एक उद्योग करून घेतला. स्लॅबवरचा आकडा अंगठ्याखाली झाकायचा, नाणं बघायचं, वहीत आपली प्रत लिहायची, आणि शेजारी फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’, म्हणजे हे घरी न्यावंसं वाटतं का. मग अंगठा काढायचा. पहिल्या महिन्यात चाळीसपैकी नऊ आकडे जुळले. सहाव्या महिन्यात चाळीसपैकी सत्तावीस. पण वही चाळताना दुसरीच गोष्ट दिसली. माझे ‘हो’ वरच्या आकड्यांवर जमलेच नव्हते. सगळ्यात जास्त ‘हो’ एयू-५५ आणि ५८ च्या आसपास होते, आणि एमएस-६१, ६२ वर रांगेनं ‘नाही’.

कारण कळायला वेळ लागला नाही. एमएस म्हणजे चलनात न फिरलेलं, एवढंच. थैलीत इतर नाण्यांवर आपटून चेहऱ्याची चाळण झाली असली तरी ते एमएस-६१ होऊ शकतं. उलट एयू-५८ म्हणजे बहुधा सुंदर नाणं, ज्याच्या गालावर आणि टोपीच्या माथ्यावर फक्त हाताळणीची पुसट सावली आली आहे. आकडा खालचा, नाणं वरचं. हे व्यापाऱ्यांना माहीत असतंच, आणि ते भाव तसाच लावतात. माझ्यासारख्याला मात्र वाटत होतं की मीच शोध लावला. काही नाण्यांच्या डबीवर एक छोटा हिरवा स्टिकर असतो. २००७ पासून जॉन अल्बनीज यांची कंपनी तो देते. डबीवर लिहिलेल्या प्रतीत हे नाणं पक्कं बसतं, असं त्यांचं मत. त्याचा उपयोग होतो. पण स्टिकर बघून नाणं घेणारे आणि नाणं बघून मग स्टिकर बघणारे, दोन्ही जाती बाल्टिमोरच्या टेबलांवर ओळखू येतात.

एक गोष्ट डबीत बघायला अवघड जाते, ती म्हणजे कड. या नाण्यांच्या कडेवर अक्षरं आहेत, ‘फिफ्टी सेंट्स ऑर हाफ अ डॉलर’. ठसा पडण्याआधी चकती दोन पट्ट्यांमधून सरकवून ती उमटवत. कधी घसरून एकावर एक चढलेली असतात. उघडं नाणं हातात आलं की मी आता आधी कड फिरवून वाचतो. तेव्हाच ते धरण्याची सवयही बरोबर लागते.

अखेर खरेदी. मार्चमधला शनिवार, प्रदर्शनाचा शेवटचा दिवस, व्यापारी टेबलं आवरायच्या बेतात. एकाकडे १८२७ ची दोन नाणी शेजारी शेजारी. एक एयू-५८, बुडवून पांढरं केलेलं, तारे चांगले उठलेले. दुसरं एयू-५५. अंग करडं, पण ते करडेपण ओल्या पाटीसारखं गडद-गार. कडेकडे ताऱ्यांभोवती सोनेरी, त्याच्या आत तांबूस कड, आणि डावीकडच्या दोन ताऱ्यांमध्ये नखाएवढ्या जागेत निळं. मी क्रम मनात म्हटला: सोनेरी, तांबूस, निळं. बसला. माझा दिवा काढला (आता माझ्याकडेही असतो, बल्ब म्हातारबुवांच्या खोक्यातला) आणि फिरवलं. करड्याखालून भिरभिरं उठलं. गालावर झीज होती, पण अक्षरांच्या आडोशाला झळाळी शाबूत. चाप अर्धवट उठलेली, गरुडाची नखं स्पष्ट. एका ताऱ्याला मधला उभार नाही. उजव्या बाजूला मोकळ्या जागेत एक बारीक खूण, जुनी, कारण तिच्यावरही करडा रंग बसलेला.

५५ ची किंमत ५८ पेक्षा चाळीस डॉलरनी जास्त होती.

मी त्याला विचारलं, असं का? तो खांदे उडवून म्हणाला, “ते पांढरं तीन प्रदर्शनं फिरलंय माझ्याबरोबर. हे काल आलंय.” मी घासाघीस केली, वीस उतरले. त्यानं मला पांढऱ्याकडे वळवायचा प्रयत्न केला नाही, हे मला चांगलं लक्षण वाटलं. नाण्याचंही आणि त्याचंही.

घरी बायकोनं दोन्ही नाणी हातात घेतली, १८३४ चं पांढरं आणि १८२७ चं करडं. “हे काळं तिप्पट महाग?” मी दिवा लावला, ट्यूबलाइट बंद केली, तिच्या हातात कडेनं दिलं आणि फिरवायला सांगितलं. तिनं फिरवलं. थोडा वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, “अरे, हे हलतंय.” तेवढ्यात व्हिडिओ कॉलवर आई आली. कॅमेऱ्यासमोर नाणं धरलं. “चांदी आहे ना?” आई म्हणाली. “मग असं काय काळं ठेवलंयस? रिठे आहेत का तिकडे? नाहीतर पाठवू?”

गेल्या दिवाळीला लक्ष्मीपूजनाला नाणं हवं होतं. साताऱ्याचे सात रुपये साताऱ्यातच आहेत. मी १८३४ ची डबी स्क्रूड्रायव्हरनं फोडून नाणं बाहेर काढलं; त्याचं आता आणखी काय बिघडणार होतं? आईला दाखवलं. लिबर्टी तिला दिसली. “बाईच आहे ना? मग झालं,” ती म्हणाली. बायकोनं ते दंतमंजनानं लख्ख घासलं, ताऱ्यांच्या खाचांतला तो शेवटचा काळा मळही सुईनं काढला, आणि ताटात लाह्या-बत्ताशांच्या शेजारी ठेवून लिबर्टीच्या कपाळाला हळदकुंकू लावलं. दुसऱ्या दिवशी कुंकू टोपीच्या अक्षरांत अडकून बसलं होतं. ते मी तसंच राहू दिलंय.